एक जपानी पंथ ब्राझीलचा कसा झाला, आणि गोळ्यांचा प्रश्न कुठे अडला

ब्राझीलच्या साओ पावलोमधलं एखादं जोरेई सेंटर, म्हणजे सेकाई क्युसेई क्यो या जपानी पंथाचं तळहाताने उपचार करायचं केंद्र, डोळ्यासमोर आणा. खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, एका खुर्चीवर कोणीतरी डोळे मिटून बसलंय आणि समोरची बाई हात वर करून तळवा त्याच्या कपाळाच्या दिशेने धरून बसलीय, अंगाला स्पर्श नाही, मंत्र पुटपुटणं नाही, अंगात येणं तर अजिबातच नाही. दहा-पंधरा मिनिटं तसंच. मग तो माणूस वळून पाठ करून बसतो, परत तेच, आणि शेवटी दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि थँक्यू म्हणून उठतात. भिंतीशी वेदी असते, त्यावर जपानी अक्षरांची उभी गुंडाळी टांगलेली, संस्थापकाचा फोटो, थोडीशीच पण फार नीट मांडलेली फुलं. आणि तळवा धरणारी बाई जपानी नसते. ती कॅथलिक घरात वाढलेली साधी ब्राझिलियन बाई असते, आणि कदाचित सहा महिन्यांपूर्वी ती स्वतःच समोरच्या खुर्चीवर आजारी म्हणून बसलेली असते.

मला या प्रकरणात इतका रस का, ते आधीच सांगते. माझ्या आत्याला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. आमच्या गावात तळहाताने ऊर्जा देण्याचा एक क्लास चालायचा, त्याचा या जपानी पंथाशी काही संबंध नव्हता, पण करायचे जवळजवळ तेच. आत्याला तिथे खरंच बरं वाटायचं, झोप लागायची, चार बायका भेटायच्या. मग तिथल्या कोणीतरी सांगितलं की गोळ्या म्हणजे शरीरात साठत जाणारं विष, त्या सोडल्या की आधी त्रास उफाळून येईल पण घाबरायचं नाही, ती सफाई आहे. तिने चार महिने गोळ्या बंद ठेवल्या, आम्हाला कळूच दिलं नाही, आणि कळलं तेव्हा पायाच्या अंगठ्याची जखम चिघळून तो काढायची वेळ आली होती. तेव्हापासून मी "हे वाक्य आलं कुठून" ते शोधत गेले, आणि शोधता शोधता ब्राझीलपर्यंत पोचले. "गोळ्या म्हणजे विष" हे वाक्य जगात अनेकांनी म्हटलंय, पण त्याच्याभोवती पूर्ण धर्म उभा करून तो समुद्रापार नेणाऱ्यांमध्ये मोकिची ओकादा या माणसाचं नाव फार वरचं आहे.

ओकादाचा जन्म २३ डिसेंबर १८८२ चा, टोकियोतल्या आसाकुसा भागातला, घर गरीब. लहानपणापासून आजारी. चित्रकार व्हायचं म्हणून टोकियोच्या कलाशाळेत गेला तर डोळ्याच्या दुखण्याने शिक्षण सुटलं, मग प्लुरसी, मग टीबी. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि मांस-मासे सोडून भाजीपाल्यावर राहिल्यावर आपण बरे झालो असं त्याने नंतर लिहिलंय. त्याच्या सगळ्या शिकवणीची मुळं मला या आजारपणात दिसतात, औषधांवरचा राग हा पुस्तकातून आलेला राग नाहीये. मग तो धंद्यात उतरला, बायकांच्या केसात घालायच्या आणि शोभेच्या वस्तूंचा होलसेल व्यापार, नकली हिऱ्यासारखा चमकणारा एक खडा त्याने काढला आणि त्याची पेटंटं घेतली, पैसा चांगला झाला. आणि मग १९१९ मध्ये बँक बुडाली, धंदा कोसळला, त्याच वर्षी बायको गेली. त्यानंतर तो ओमोतो नावाच्या पंथात गेला.

ओमोतोबद्दल दोन वाक्यं सांगावी लागतात कारण जपानच्या नव्या पंथांपैकी कितीतरी त्या एका झाडाच्या फांद्या आहेत. देगुची नाओ नावाच्या अतिशय गरीब विधवेच्या अंगात १८९२ मध्ये दैवी संचार सुरू झाला तिथून तो पंथ निघाला, आणि तिचा जावई ओनिसाबुरो याने तो देशभर नेला. तिथे आजाऱ्यांसाठी भात वाढायची लाकडी पळी हातात धरून प्रार्थनेने शक्ती पोचवायची एक रीत होती. बघा, घरातली रोजची वस्तू, पुजारी नको, वैद्य नको. ओकादा तिथे उपचार करणारा म्हणून नावाजला, मग १९२६ च्या अखेरीस त्याला स्वतःला दैवी संदेश येऊ लागले, १५ जून १९३१ ला चिबा जिल्ह्यातल्या नोकोगिरी डोंगरावर पहाटे त्याला कळलं की जगाची रात्र संपून दिवस सुरू होतोय. १९३४ ला तो ओमोतोतून बाहेर पडला आणि १ जानेवारी १९३५ ला त्याने आपली संघटना काढली. वेळ साधली म्हणायची, कारण त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने ओमोतोवर धाड घालून तो पंथ अक्षरशः जमीनदोस्त केला.

पण ओकादालाही सरकारने सोडलं नाहीच. १९३६ मध्ये अटक झाली, आणि पोलिसांचं म्हणणं होतं की धर्म तरी चालवा नाहीतर उपचार तरी, दोन्ही एकत्र चालणार नाही. मग बरीच वर्षं त्याने बोटांनी दाबून करायची थेरपी या नावाखाली काम चालवलं. युद्ध संपलं, धर्मस्वातंत्र्य आलं, आणि दोन्ही धागे परत जोडता आले. ४ फेब्रुवारी १९५० ला सेकाई क्युसेई क्यो, म्हणजे जगाला तारणारा धर्म, हे नाव घेतलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात लाच दिल्याच्या आरोपावरून ओकादाला परत अटक झाली, पेपरांनी झोडपलं, पुढे शिक्षा झाली ती स्थगित ठेवली गेली. अनुयायी त्याला मेइशु-सामा म्हणतात. तो १० फेब्रुवारी १९५५ ला गेला आणि त्याच वर्षी त्याचे पहिले मिशनरी ब्राझीलला पोचले. हवाईला ते १९५३ मध्येच गेले होते.

शिकवण थोडक्यात अशी की आजार म्हणजे आत्म्यावर साचलेला मळ आणि शरीरात साचलेलं विष बाहेर पडण्याची क्रिया, ताप खोकला जुलाब ही सगळी निसर्गाने लावलेली झाडू, आणि औषध ही झाडू थांबवतं आणि वर स्वतःच नवं विष होऊन बसतं. तळहातातून येणारा दैवी प्रकाश हा मळ विरघळवतो, त्याला जोरेई म्हणतात, जो म्हणजे शुद्ध करणं आणि रेई म्हणजे आत्मा. तो प्रकाश द्यायची ताकद येते गळ्यातल्या ओहिकारी नावाच्या लॉकेटमुळे, आणि ते लॉकेट थोड्या दिवसांचा क्लास करून कोणालाही मिळतं. यातला "कोणालाही" हा शब्द माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. आपल्याकडे दृष्ट काढणारी आजी घराघरात असते पण अंगारा द्यायला बुवाच लागतो, मंतरलेलं पाणी द्यायला कोणीतरी सिद्ध माणूस लागतो. इथे बुवा नाहीच. आज घेणारा उद्या देणारा. आणि जो देतो त्याचाही मळ जातो असं ते मानतात, त्यामुळे देणाऱ्यांची कमी कधी पडत नाही.

आता ब्राझील. पहिले जपानी मजूर १८ जून १९०८ ला कासातो मारू नावाच्या बोटीतून सांतोस बंदरात उतरले, ७८१ जण, कॉफीच्या मळ्यांवर काम करायला. आज जपानबाहेर जपानी वंशाचे लोक सगळ्यात जास्त ब्राझीलमध्येच आहेत. पण गंमत अशी की, गंमत कसली, दुःखच ते, पहिली तीस-चाळीस वर्षं या लोकांनी तिथे देवळं-बिवळं फारशी बांधलीच नाहीत. चार पैसे कमवायचे आणि परत जायचं हेच डोक्यात, पितरांचं करायला गावी थोरला भाऊ आहेच, आपण इथे तात्पुरते. मग १९४५ ला जपान हरला. कॉलनीतल्या पुष्कळ लोकांना ते खरंच वाटेना, शिंदो रेनमेई नावाच्या कट्टर गटाने तर "जपान हरला" म्हणणाऱ्या आपल्याच माणसांचे खून पाडले. ते सगळं निवळलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की आता परत जाणं नाही, आपली हाडं इथेच पडणार, मुलं पोर्तुगीज बोलतायत, आणि पितरांचं आता आपल्यालाच बघायचंय. अशा वेळी १९५५ ला हे मिशनरी आले, म्हणून सुरुवातीचे मेंबर जपानी कॉलनीतलेच होते यात काही नवल नाही.

तिथेच राहिलं असतं तर हे प्रकरणच झालं नसतं. जगभर स्थलांतरितांचे देव असेच वस्तीपुरते राहतात, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीबरोबर विझतात. पण इथे १९६० च्या दशकात काहीतरी उलटं घडलं आणि पंथ जपानी घरांच्या बाहेर पडला, इतका की आता दहातले नऊ किंवा त्याहून जास्त मेंबर जपानी वंशाचे नाहीतच. ब्राझीलच्या २००० च्या जनगणनेत एक लाख नऊ हजारांच्या आसपास लोकांनी आपला धर्म म्हणून हा पंथ लिहिला, २०१० ला एक लाख तीन हजारांच्या वर. आणि जनगणनेत एकच धर्म लिहिता येतो, जोरेई घेणारे पण कागदावर कॅथलिक राहणारे किती असतील ते वेगळंच.

हे कसं झालं? मी जे वाचलंय त्यावरून मला तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, त्या सुट्या करून सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करते.

पहिली म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. ब्राझीलमध्ये एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समधून अलाँ कार्देकचा आत्मावाद आला आणि फ्रान्समध्ये तो मावळला तरी इथे तो शहरी मध्यमवर्गात प्रचंड फोफावला. त्यांच्या सेंटरमध्ये पासे नावाचा प्रकार असतो, प्रशिक्षित माणूस आजाऱ्याच्या अंगावरून हात फिरवून चांगली शक्ती देतो आणि वाईट काढून घेतो. त्याशिवाय उंबांदा आणि कांदोंब्ले हे आफ्रिकी मुळांचे पंथ, शिवाय गावोगावच्या कॅथलिक बायका ज्या फांदीने झाडून, प्रार्थना पुटपुटून मुलांची बाधा काढतात, अगदी आपल्या मीठ-मोहऱ्यांसारखं. म्हणजे अदृश्य शक्ती हाताने देता येते, मेलेल्यांचे आत्मे जिवंतांना त्रास देतात, हे ब्राझिलियन माणसाला कोणी जपान्याने शिकवायची गरजच नव्हती. तो खुर्चीत बसला आणि त्याला वाटलं, अरे हे तर माहितीतलं आहे. फरक इतकाच की इथे ड्रम नाहीत, अंगात येणं नाही, सिगार नाही, सगळं शांत, स्वच्छ, वक्तशीर. उंबांदाकडे जायला लाजणाऱ्या, शेजारी काय म्हणतील म्हणून घाबरणाऱ्या मध्यमवर्गाला हे फार सोयीचं होतं. आणि तिथे जपानी माणसाची प्रतिमा भरवशाचा, कष्टाळू अशी बनलेली होतीच.

दुसरी गोष्ट नावाची. जपानीत क्युसेई म्हणजे जग तारणारा, आणि पोर्तुगीजमध्ये त्याचं झालं इग्रेझा मेसियानिका, म्हणजे मसीहाचं चर्च. कॅथलिक कानाला हे परकं वाटतच नाही. जपानी प्रार्थना, अमात्सु नोरितो वगैरे, त्या जपानीतच म्हणतात, अर्थ कळो न कळो, पण त्याबरोबर "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही येशूची प्रार्थनाही पोर्तुगीजमध्ये म्हणतात. आणि पितरांचं काय केलं ते बघा: कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात, कबरीवर फुलं-मेणबत्त्या नेतात, पंथाने आपली पितरांची मोठी पूजा त्याच तारखेला धरली. आपल्या पितृपंधरवड्यासारखी भावना, फक्त तारीख त्यांची. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. यात फसवणूक नाही, जपानमध्येही पितरपूजा शिकवणीच्या मधोमध होतीच, फक्त ती ज्या दिवशी समोरच्याचं मन आधीच भरलेलं असतं त्या दिवशी आणून ठेवली.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात आणि मला तीच मोठी वाटते. १९८८ च्या राज्यघटनेआधी ब्राझीलमध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा नव्हती. सरकारी विम्याची ट्रीटमेंट नोंदणीकृत नोकरी असलेल्याला मिळायची. आणि हेच ते दिवस जेव्हा ईशान्येकडच्या दुष्काळी भागातून लाखो माणसं साओ पावलोला लोटत होती, बांधकामावर, धुणीभांडी करायला, कागदावर ज्यांची नोकरीच नाही अशी. अशा बाईचं मूल तापाने फणफणलंय, धर्मादाय दवाखान्यात लाइन आहे, आणि इथे एक माणूस अर्धा तास पूर्ण लक्ष देऊन तुमच्यासमोर बसतो, घाई नाही, तुच्छता नाही, तुमच्याकडे बघून वाकून नमस्कार करतो. औषधावर टीका करणारा धर्म अशा जागी रुजतो जिथे औषध मुळात हाताला लागत नसतं किंवा लागलं तरी अपमानासकट लागतं. जे लोक "अंधश्रद्धाळू" म्हणून हात झटकतात त्यांनी या लाइनमध्ये एकदा उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी आत्याचा अंगठा गेल्यानंतरही म्हणतेय.

मग माणसं. १९६२ मध्ये जपानहून तरुण मिशनऱ्यांची तुकडी आली, त्यात तेत्सुओ वातानाबे होता, जो पुढे ब्राझीलच्या चर्चचा प्रमुख झाला आणि नंतर जपानमधल्या संघटनेतही वर गेला. या तरुणांनी पोर्तुगीज शिकून घेतलं आणि ब्राझिलियन माणसांना लवकर जबाबदारी दिली, ब्राझिलियन मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक, तयार केले. बाकीच्या बऱ्याच जपानी पंथांना हेच जमलं नाही, त्यांची पूजा जपानीत, हिशोब जपानीत, चहापाण्याच्या गप्पाही जपानीत, मग बाहेरचा माणूस किती दिवस टिकणार.

नुसत्या हातावर मात्र कोणी आयुष्यभर राहत नाही. दुखणं बरं झालं की माणूस जातो, नाही झालं की आधीच जातो, हा सगळ्या उपचार-पंथांचा जुना रोग आहे. ब्राझीलमध्ये लोक टिकले ते त्यांना करायला काम मिळालं म्हणून. तिथे सेवेला देदिकासाँव म्हणतात, झाडलोट, फुलं मांडणं, स्वयंपाक, बागकाम. ओकादाचं म्हणणंच होतं की सौंदर्य माणसाला शुद्ध करतं, त्याने हाकोनेला १९५२ मध्ये आर्ट म्युझियम काढलं, आणि त्याच्या मागे १९८२ मध्ये आतामीला मोठं एमओए (मोकिची ओकादा असोसिएशन) म्युझियम उघडलं गेलं. ब्राझीलमध्ये त्या विचाराचं घरगुती रूप झालं, इकेबानाचे, म्हणजे जपानी पद्धतीने फुलं मांडायचे क्लास. मोकिची ओकादाच्या नावाचं फाउंडेशन तिथे १९७१ पासून आहे. आणि १९९५ च्या नोव्हेंबरात साओ पावलोच्या दक्षिणेला ग्वारापिरांगा जलाशयाच्या काठावर सोलो साग्रादो, म्हणजे पवित्र भूमी, सुरू झाली, सव्वातीन लाख चौरस मीटरच्या वर जागा, मोठी बाग, आणि छप्पर नसलेलं गोल मंदिर, खांबांचं कडं आणि मध्ये मनोरा. जपानबाहेर एवढं मोठं तीर्थक्षेत्र सभासदांच्या देणग्या आणि श्रमावर उभं राहिलं. देणग्यांचा विषय निघालाच तर, दर वेळी कृतज्ञता म्हणून पाकीट देण्यावर इथे बराच भर असतो आणि त्यावरून कुरबुरी होत आल्यात. सक्ती नाही असं म्हणतात, पण ज्या बाईला वाटतं आपलं मूल या प्रकाशाने वाचलं ती पाकिटात किती घालते ते सक्तीवर अवलंबून नसतंच, म्हणून हिशोब उघडा हवा, जितका जास्त विश्वास तितका जास्त उघडा.

आता मातीकडे येते, कारण माझ्यासाठी या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. ओकादा म्हणायचा की औषध जसं शरीराचं विष तसं खत मातीचं विष. रासायनिक तर नकोच, शेणखतसुद्धा नको, पालापाचोळा आणि गवताचं कंपोस्ट चालेल, मातीत मुळातच ताकद आहे. आपल्याकडे निसर्गशेती म्हटलं की जपानचेच मासानोबु फुकुओका आठवतात, ते वेगळे, ओकादाने हे १९३० च्या दशकापासून मांडायला घेतलं होतं. त्याच्या पंथाच्या निसर्गशेतीच्या कामातूनच एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रातल्या शेतांपर्यंत आलाय, बऱ्याच शेतकऱ्यांना ते माहीत नसतं: कृषी प्रदर्शनात जे ईएम, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीवांचं द्रावण विकायला असतं ते ओकिनावाच्या रयुक्यु विद्यापीठातल्या तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलं, आणि त्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद १९८९ मध्ये थायलंडच्या खोन केनला झाली ती "क्युसेई निसर्गशेती" या नावाने. क्युसेई म्हणजे हाच पंथ.

ब्राझीलमध्ये याच शिकवणीतून कोरिन नावाची कंपनी निघाली, १९९० च्या दशकात, साओ पावलो राज्यातल्या इपेउना गावी. त्यांचं नाव झालं ते कोंबड्यांमुळे. मोठ्या पोल्ट्रीत पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळायची पद्धत सगळीकडे होती, यांनी ती न वापरता कोंबडी वाढवून सुपरमार्केटात आणली. धार्मिक कारण साधं होतं, औषध म्हणजे विष. पण निरोगी कोंबडीला रोज अँटिबायोटिक चारल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात हे आज डॉक्टरच घसा कोरडा करून सांगतायत, युरोपात २००६ पासून वाढीसाठीची ती पद्धत बंद आहे. म्हणजे एकच वाक्य, ओकादाचं तेच वाक्य, कोंबडीच्या खुराड्यात लावलं तर काळाच्या पुढे निघालं, आणि शुगरच्या पेशंटला लावलं तर अंगठा घेऊन गेलं. मी यावर खूप दिवस विचार करतेय. खुराड्यातली कोंबडी आजारी नव्हती, तिला औषध नफ्यासाठी दिलं जात होतं, तिथे "गरज नसताना औषध नको" हे बरोबरच होतं. आत्याला गरज होती. त्या वाक्यात गरजेचा विचारच नाहीये, ते सरसकट आहे, आणि सरसकट वाक्य योगायोगाने जिथे बरोबर बसतं तिथे बसतं.

याहून वाईट म्हणजे सफाईची कल्पना. बरं वाटलं तर प्रकाशाने, जास्त झालं तर विष बाहेर पडतंय. मग चुकतंय हे कळणार कसं? ताप वाढणं ही धोक्याची घंटा असते, पण ती घंटा वाजली की टाळ्या वाजवायला शिकवलं तर घरातलं कोणीच धावणार नाही. माझी आत्या त्या चार महिन्यांत दुखणं वाढलं तसं आनंदी होत होती हे आम्हाला नंतर कळलं, आणि ते आठवलं की मला अजून पोटात खड्डा पडतो.

ब्राझीलच्या चर्चने यात मार्ग काढला तो असा की जोरेई डॉक्टरी उपचारांच्या जागी नाही, डॉक्टरकडे जा आणि जोरेईही घ्या, असं अधिकृतपणे सांगायचं. जपानमध्येही पंथाच्या एका शाखेशी जोडलेल्या एमओएने डॉक्टर असलेले दवाखाने चालवले. तळहाताच्या उपचारावर छोटे प्रयोग झालेत, ताण कमी वाटतो, मूड सुधारतो असं काहींत दिसलं, पण आजार बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. अधिकृत भूमिका मी चांगलीच मानते. पण संस्थापकाची लेखनं पवित्र म्हणून रोज वाचली जातात आणि त्यात औषधांबद्दल काय लिहिलंय ते लिहिलेलंच आहे, मग समोरासमोरच्या दोन खुर्च्यांमध्ये कोण कोणाला काय सांगतं हे मुख्यालयाला कधी कळत नाही. जी गोष्ट या पंथाची ताकद, की कोणीही देणारा होतो, तीच इथे धोका होते, कारण सल्लाही कोणीही देतो.

हाच तळहात दुसरीकडे गेला तेव्हा कसं स्वागत झालं तेही बघण्यासारखं आहे. सेकाई क्युसेई क्योमध्ये राहिलेला योशिकाझु ओकादा, आडनाव तेच पण नातं नाही, याने १९५९ मध्ये माहिकारी नावाचा स्वतःचा पंथ काढला. हात तसाच, लॉकेट तसंच, फक्त चढलेल्या आत्म्यांवर जास्त भर. तो १९७४ ला गेल्यावर वारसावरून कोर्टबाजी झाली आणि दोन तुकडे पडले, त्यातला सुक्यो माहिकारी युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात पसरला. फ्रान्सच्या संसदीय समितीने १९९५ च्या अहवालात त्याचं नाव घातक समजल्या जाणाऱ्या पंथांच्या यादीत टाकलं. फ्रान्समध्ये सरकारी दवाखाना हाताशी आहे आणि सरकार धर्माकडे संशयाने बघतं, ब्राझीलमध्ये हा पंथ पसरला त्या काळात दोन्ही उलट होतं. मला तर वाटतं पंथ पसरतो की नाही हे त्याच्या शिकवणीइतकंच समोरच्या देशाच्या दवाखान्यावर ठरतं.

आणि मग ब्राझीलहून हा पंथ पुढे निघाला, भाषेच्या वाटेने. पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक. अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललं होतं, त्या काळात ब्राझीलमार्गे आलेला हा जपानी धर्म राजधानी लुआंडात वाढला आणि आता आफ्रिकेतला त्याचा सगळ्यात मोठा तळ तिथे आहे. लोकांना ते जपानी चर्च वाटण्यापेक्षा ब्राझिलियन चर्च जास्त वाटत असणार, गाणी पोर्तुगीज, पुस्तकं पोर्तुगीज. तिथे जोरेईबरोबर घरामागे भाजीचा वाफा लावायला शिकवतात, युद्धाने उपाशी ठेवलेल्या शहरात हे किती मोलाचं असेल ते वेगळं सांगायला नको.

तिकडे मूळ जपानमध्ये मात्र १९८० च्या दशकापासून पंथ तीन गटांत भांडत राहिला, तडजोड झाली, आणि गेल्या काही वर्षांत संस्थापकाचा नातू असलेल्या चौथ्या आध्यात्मिक प्रमुखावरून परत फूट पडली, त्याने संस्थापकाची शिकवण ख्रिस्ती धर्माच्या फार जवळ नेली हा मोठा आक्षेप होता. ब्राझीलमध्येही माणसं त्यावरून दोन बाजूंना गेली. साठ वर्षं "हे तर आपल्या येशूसारखंच" म्हणत जो पंथ तिथे वाढला त्याच्यात शेवटी भांडण लागलं ते येशूवरूनच.

आत्याचं सांगायचं राहिलं. ती परत त्या क्लासला जायला लागलीय, आम्ही अडवलं नाही, अडवून ती थांबली नसती आणि मागच्या वेळेसारखं लपवलं असतं. तिथल्या बायकांशी मी जाऊन बोलले, भांडले नाही, नुसतं तिचा पाय दाखवला. आता दुपारी चारला क्लास असतो, आत्या साडेतीनला शुगर तपासते, वहीत आकडा लिहिते आणि मग चप्पल घालते, एका पायात थोडी सैल.